वूकॉमर्सवरील ऑनलाइन दुकान

वूकॉमर्स हे वर्डप्रेस या आशय व्यवस्थापन प्रणालीला जोडले जाणारे मुक्तस्रोत प्लगइन आहे. त्याच्या साहाय्याने साध्या संकेतस्थळाचे ऑनलाइन दुकानात रूपांतर करता येते. संगणकाची आज्ञावली न लिहिता मजकूर, चित्रे व पाने तयार करण्याची, बदलण्याची व प्रकाशित करण्याची सोय ज्या प्रणालीत असते तिला आशय व्यवस्थापन प्रणाली म्हणतात. वूकॉमर्स त्या प्रणालीत वस्तूंची यादी, कार्ट, पैसे भरण्याचे पान, मागण्यांची नोंद, साठ्याचा हिशेब आणि कर यांची भर घालते.

प्लगइन विनामूल्य असून ते बसवण्यास काही मिनिटे पुरतात. त्यामुळे दुकान उभारणे हे मुख्यतः तांत्रिक काम आहे, असा समज होतो. प्रत्यक्षात वूकॉमर्सच्या मांडणीतील बहुतेक रकाने हे व्यापारी निर्णय असतात. कोणती वस्तू, कोणत्या दराने, कोणत्या गावापर्यंत, किती दिवसांत पोहोचवायची आणि ती बिघडली तर काय करायचे, याची उत्तरे दुकानदाराला आधी ठरवावी लागतात. रकाना रिकामा सोडला तर प्रणाली स्वतःचे पूर्वनिश्चित उत्तर वापरते आणि ग्राहक तेच दुकानदाराचे वचन समजतो. हा लेख या निर्णयांच्या अंगाने दुकान उभारणीची माहिती देतो. उदाहरणासाठी देवगड परिसरातील एका काल्पनिक आंबा बागायतदाराचे दुकान घेतले आहे.

पार्श्वभूमी

वर्डप्रेसची पहिली आवृत्ती मॅट मुलेनवेग व माइक लिटल यांनी २७ मे २००३ रोजी प्रसिद्ध केली. मिशेल वाल्द्रिघी यांच्या ‘बीटू’ या आज्ञावलीचा विकास थांबल्यावर तिच्यापासून वर्डप्रेसची शाखा निघाली. वूकॉमर्सचा जन्मही असाच झाला. वर्डप्रेससाठी ‘जिगोशॉप’ नावाचे दुकान-प्लगइन आधीपासून होते. २००८ पासून वर्डप्रेसच्या थीम विकणाऱ्या वूथीम्स या कंपनीने त्याची शाखा काढली, त्याचे दोन विकासक आपल्याकडे घेतले आणि सप्टेंबर २०११ मध्ये वूकॉमर्स प्रसिद्ध केले. दुसऱ्याच्या कामाची अशी शाखा काढणे ही चोरी ठरत नाही, कारण जीपीएल या सार्वजनिक परवान्याने ती मुभा दिलेली असते. मात्र शाखेलाही तोच परवाना ठेवावा लागतो. मे २०१५ मध्ये मुलेनवेग यांच्या ऑटोमॅटिक या कंपनीने वूथीम्स विकत घेतली.

मॅजेन्टो, प्रेस्टाशॉप व ओपनकार्ट या केवळ दुकानासाठी रचलेल्या मुक्तस्रोत प्रणाली आहेत. शॉपिफाय या कॅनडातील कंपनीची सेवा वेगळ्या जातीची आहे. तिथे दरमहा भाडे भरायचे आणि सर्व्हरची देखभाल कंपनीने करायची, अशी व्यवस्था असते. वूकॉमर्समध्ये भाडे नाही. ग्राहकांची यादी, मागण्यांचा इतिहास व वस्तूंची वर्णने दुकानदाराच्या स्वतःच्या विदागारात राहतात आणि एका होस्टिंग कंपनीकडून दुसरीकडे उचलून नेता येतात. मोबदल्यात देखभालीची सारी जबाबदारीही त्याच्याच माथी येते. ज्याला अद्ययावतीकरण व बॅकअप यांसाठी दर आठवड्याला वेळ काढणे शक्य नाही, त्याला भाड्याची सेवा अनेकदा स्वस्त पडते.

पाया

दुकानासाठी डोमेन नाव, होस्टिंग आणि सुरक्षा प्रमाणपत्र या तीन गोष्टी लागतात. वर्डप्रेस पीएचपी या भाषेत लिहिलेले असून मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी या विदागारात माहिती साठवते. बहुतेक होस्टिंग कंपन्यांकडे ही व्यवस्था तयारच असते. लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा सेवेमुळे सुरक्षा प्रमाणपत्र विनामूल्य मिळते. त्याशिवाय दुकान उघडू नये, कारण प्रमाणपत्र नसलेल्या पानावर ग्राहकाचा पत्ता व परवलीचा शब्द उघड्या पत्रासारखा प्रवास करतो. डोमेन स्वतःच्या नावावर नोंदवणेही तितकेच महत्त्वाचे आहे. संकेतस्थळ करून देणाऱ्याच्या नावावर ते राहिले, तर पुढे मतभेद झाल्यास दुकानाची पाटीच दुसऱ्याच्या हाती जाते.

प्लगइन सुरू करताच दुकान, कार्ट, चेकआउट व माझे खाते अशी चार पाने तयार होतात. होस्टिंग कंपन्या संकेतस्थळ वेगवान व्हावे म्हणून पानांच्या तयार प्रती साठवून ठेवतात. कार्ट, चेकआउट व खाते ही पाने मात्र या साठवणीतून वगळावी लागतात. नाहीतर एका ग्राहकाला दुसऱ्याची कार्ट किंवा पत्ता दिसण्याचा धोका असतो.

वस्तूंची मांडणी

वूकॉमर्समध्ये साधे उत्पादन, पर्याययुक्त उत्पादन, गटवार उत्पादन आणि दुसऱ्या संकेतस्थळावर विकले जाणारे बाह्य उत्पादन असे प्रकार आहेत. आमरसाचा एकाच वजनाचा डबा हे साधे उत्पादन होय. हापूस हे पर्याययुक्त उत्पादन ठरते, कारण एक डझनाचा खोका, दोन डझनांचा खोका आणि पाच डझनांची पेटी यांचे दर, वजन व साठा वेगवेगळे असतात.

साठ्याचा हिशेब इथेच चुकण्याचा संभव असतो. बागायतदाराच्या मनात साठा डझनांत असतो. आज शंभर डझन आंबा उतरवला, तो खोक्यांत जाईल किंवा पेट्यांत. वूकॉमर्स मात्र नग मोजते. सर्व पर्यायांना मिळून एकच साठा दिला, तर पाच डझनांची पेटी विकली गेली तरी साठ्यातून एकच नग वजा होतो आणि नसलेला आंबा विकला जातो. म्हणून प्रत्येक पर्यायाचा साठा स्वतंत्र ठेवावा व रोज सकाळी फळ पाहून तो हाताने भरावा. त्यासाठी वेगळी प्लगइने मिळतात, पण लहान दुकानाला वहीचा शिस्तबद्ध वापर पुरतो.

हंगामापूर्वीची नोंदणी हा दुसरा नाजूक प्रश्न. साठा शून्य असतानाही मागणी स्वीकारण्याची मुभा वूकॉमर्समध्ये देता येते. फेब्रुवारीत ही मुभा दिली की मार्चअखेरच्या आंब्यासाठी आधीच पैसे जमा होऊ लागतात. मोहोर गळाला किंवा अवकाळी पाऊस झाला तर मात्र ते परत करावे लागतात. नोंदणीची कमाल संख्या, पाठवणीचा अंदाजे आठवडा आणि पीक न आल्यास परताव्याची अट या तिन्ही गोष्टी वस्तूच्या वर्णनातच लिहिणे हिताचे असते. अटींच्या वेगळ्या पानावर त्या सहसा कोणी वाचत नाही.

‘हापूस’ या नावाबाबतही सावध राहावे लागते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. बाहेरच्या प्रदेशातील फळ त्या नावाने मांडणे म्हणजे दुकानाच्या पहिल्याच पानावर ग्राहकाची दिशाभूल करणे होय.

देवनागरीचे प्रश्न

वर्डप्रेसचा मराठी अनुवाद उपलब्ध असून तो स्वयंसेवकांनी केलेला आहे. प्लगइनांच्या अनुवादाची स्थिती एकसारखी नसते, त्यामुळे एकाच पानावर अर्धी मराठी व अर्धी इंग्रजी बटणे दिसू शकतात. चेकआउटच्या पानावर ही सरमिसळ ग्राहकाच्या मनात शंका उत्पन्न करते. तेथील उरलेले शब्द स्वतः भाषांतरित करून घेण्याइतका वेळ तरी काढावाच.

वर्डप्रेस वस्तूच्या शीर्षकावरून तिच्या पानाचा पत्ता तयार करते. देवनागरी शीर्षकाचा पत्ता साठवताना प्रत्येक अक्षरखुणेचे नऊ चिन्हांत रूपांतर होते आणि पत्त्याची मर्यादा २०० चिन्हांची असते. परिणामी सुमारे बावीस अक्षरखुणांनंतर पत्ता तुटतो. काना, मात्रा व वेलांट्याही स्वतंत्र खुणा म्हणून मोजल्या जात असल्याने तीन-चार शब्दांतच ही मर्यादा संपते. शीर्षक मराठीत ठेवून पत्त्याचा रकाना मात्र रोमन लिपीत हाताने भरणे, हा यावरचा सोपा उपाय आहे. ‘आकार’, ‘वजन’ यांसारख्या गुणधर्मांच्या अंतर्गत नावांना तर केवळ २८ चिन्हांची मर्यादा असल्याने तिथेही हीच युक्ती वापरावी.

शोधाची सोय अक्षरशः जुळणारा मजकूरच शोधते. ‘आंबा’ असे शोधणाऱ्याला ‘आंबे’ लिहिलेली वस्तू मिळत नाही आणि ‘हापुस’ असे ऱ्हस्व लिहिणाऱ्याला ‘हापूस’ सापडत नाही. शुद्धलेखनाचा आग्रह योग्यच, पण दुकानात तो ग्राहकावर लादता येत नाही. वस्तूच्या वर्णनात प्रचलित रूपे सहजपणे येऊ द्यावीत. पावतीची पीडीएफ करून देणाऱ्या काही घटकांना जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी नीट मांडता येत नाही, हेही दुकान उघडण्यापूर्वी एक चाचणी मागणी नोंदवून तपासावे. आकड्यांच्या बाबतीत, वूकॉमर्स स्वल्पविराम तीन-तीन अंकांनंतर देते. त्यामुळे एक लाख रुपये १,००,००० असे न दिसता १००,००० असे दिसतात.

पाठवणीचे विभाग

पाठवणीचा खर्च विभागवार ठरवला जातो. विभाग राज्यावरून व पिनकोडवरून आखता येतात. पिनकोड लिहिताना शेवटी तारांकन देऊन एक गट, किंवा दोन अंकांच्या मध्ये तीन टिंबे देऊन एक पट्टा दर्शवता येतो. प्रणाली विभागांची यादी वरून खाली वाचते आणि ग्राहकाचा पत्ता ज्या पहिल्या विभागात बसतो तोच लागू करते. म्हणून लहान विभाग वर व मोठा खाली ठेवावा लागतो. ‘महाराष्ट्र’ हा विभाग सर्वांत वर ठेवला, तर खालच्या ‘पुणे’ या विभागाकडे प्रणाली कधीच पोहोचत नाही.

पिनकोडची रचना डाकखात्याच्या सोयीची असून ती जिल्ह्यांच्या सीमा पाळत नाही. ४१६ ने सुरू होणारे पिनकोड कोल्हापुरातही आहेत व सिंधुदुर्गातही. ४१५ ने सुरू होणारे साताऱ्यातही आहेत व रत्नागिरीतही. देवगडच्या बागायतदाराने ४१६ हा सारा गट ‘स्थानिक’ मानून पाठवणी विनामूल्य ठेवली, तर घाटमाथ्यावरच्या पेटीचे भाडे त्याच्या खिशातून जाईल. गोव्याचे पिनकोड ४०३ ने सुरू होतात. त्यामुळे ४० पुढे तारांकन दिलेल्या विभागात, राज्याची अट घातली नसल्यास, मुंबईसोबत गोवाही येतो.

कोणत्याच विभागात न बसणाऱ्या पत्त्यांसाठी यादीच्या शेवटी एक उरलेला विभाग असतो. नाशवंत माल विकणाऱ्याने तिथे पाठवणीची कोणतीही पद्धत ठेवू नये. मग प्रणाली अशा पत्त्याची मागणी स्वीकारत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी पोहोचणारी पेटी पाठवून तक्रार ओढवून घेण्यापेक्षा ‘आम्ही तुमच्या गावी पाठवू शकत नाही’ हे आधीच कळलेले ग्राहकालाही बरे वाटते.

पैसे

बँकेत थेट भरणा, धनादेश आणि माल मिळाल्यावर रोख, या तीन पद्धती वूकॉमर्ससोबतच येतात. यूपीआय व कार्डांसाठी पेमेंट गेटवेचे प्लगइन जोडावे लागते. गेटवे कंपनी दुकानदाराचे पॅन, बँक खाते व संकेतस्थळावरील अटी तपासून खाते देते आणि प्रत्येक व्यवहारावर शुल्क घेते. कार्डाचा क्रमांक दुकानाच्या सर्व्हरवर साठवण्याचा प्रश्नच येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्यांना ग्राहकाच्या कार्डाचा तपशील साठवून ठेवण्यास मनाई आहे. त्याऐवजी टोकन वापरले जाते.

माल मिळाल्यावर रोख देण्याची पद्धत ग्राहकांना प्रिय आहे. कपड्यांच्या दुकानात नाकारलेला माल परत येतो व पुन्हा विकला जातो. आंब्याची नाकारलेली पेटी परत येईपर्यंत सडलेली असते आणि दोन्ही वेळचे भाडे बागायतदाराला पडते. ही पद्धत ठरावीक पाठवणीपुरती मर्यादित ठेवण्याची सोय वूकॉमर्समध्ये आहे. ग्राहक स्वतः येऊन पेटी उचलणार असेल तेवढ्यापुरतीच ती चालू ठेवणे शहाणपणाचे.

यूपीआयच्या व्यवहारात एक बारकावा आहे आणि नव्या दुकानदारांचा सर्वाधिक गोंधळ त्यातूनच होतो. ग्राहक दुकानाच्या पानावरून आपल्या फोनमधील यूपीआय अॅपमध्ये जातो, पैसे भरतो आणि पुष्कळदा मूळ पानावर परततच नाही. पैसे गेले, पण दुकानाला ते कळत नाही. ही पोकळी भरून काढण्यासाठी गेटवेचा सर्व्हर दुकानाच्या सर्व्हरला परस्पर निरोप पाठवतो. त्याला वेबहुक म्हणतात. तो जोडलेला नसेल, तर पैसे भरलेली मागणीही ‘भरणा बाकी’ या अवस्थेतच राहते. वूकॉमर्स अशा मागणीसाठी साठा राखून ठेवते. पूर्वनिश्चित मुदत ६० मिनिटांची असून ती संपताच मागणी रद्द होते व साठा मोकळा होतो. मोकळी झालेली शेवटची पेटी दुसऱ्या ग्राहकाने घेतली आणि त्यानंतर पहिल्याच्या भरण्याचा निरोप आला, तर एका पेटीचे दोन धनी होतात. दोघांनीही पैसे दिलेले असतात व दोघांचेही म्हणणे खरे असते. यासाठी वेबहुक जोडून त्याची चाचणी घेणे, हंगामात रोज सायंकाळी गेटवेची यादी व दुकानातील मागण्या ताडून पाहणे आणि साठ्यातील दोन-तीन पेट्या न मांडता बाजूला ठेवणे, हे तिन्ही उपाय एकत्र करावे लागतात.

मागणीची अवस्था बदलली की ग्राहकाला ईमेल जाते. होस्टिंगच्या साध्या सोयीने पाठवलेली ईमेल वारंवार स्पॅममध्ये जाते. स्वतंत्र एसएमटीपी सेवा जोडल्यास हा प्रश्न बराचसा सुटतो.

कर आणि कायदा

ताज्या आंब्यावर वस्तू व सेवा कर नाही. केवळ करमुक्त मालच विकणाऱ्याला त्या कराची नोंदणीही करावी लागत नाही. डबाबंद आमरस मात्र करपात्र आहे. राज्याबाहेर करपात्र वस्तू विकणाऱ्याला, काही हस्तकला वस्तूंसारखे अपवाद वगळता, उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी सक्तीची आहे. दुकान ऑनलाइन असले की बेंगळुरूहून मागणी येणारच. म्हणून आमरसाचा पहिला डबा संकेतस्थळावर मांडण्यापूर्वीच कर सल्लागाराला भेटणे योग्य. प्रक्रिया केलेल्या खाद्यपदार्थांसाठी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची नोंदणीही लागते.

वूकॉमर्समध्ये कराचे दर राज्यवार भरता येतात. समजा एखाद्या वस्तूवर ५ टक्के कर आहे. महाराष्ट्रातील दुकानदाराने महाराष्ट्रासाठी केंद्रीय व राज्य कराच्या अडीच-अडीच टक्क्यांच्या दोन ओळी भराव्यात व त्यांना प्राधान्यक्रम एक व दोन द्यावेत. उरलेल्या भारतासाठी एकात्मिक कराची पाच टक्क्यांची एकच ओळ पहिल्या प्राधान्याने भरावी. कमाल किरकोळ किमतीत सर्व कर अंतर्भूत असतात, म्हणून ‘किमती करासहित भरल्या आहेत’ हा पर्याय निवडावा. तो विसरला तर चेकआउटवर छापील किमतीहून अधिक रक्कम आकारली जाते.

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम जुलै २०२० पासून लागू आहेत. त्यांनुसार विक्रेत्याचे कायदेशीर नाव, पत्ता व संपर्क संकेतस्थळावर ठळक असावा आणि तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असावा. तक्रारीची पोच ४८ तासांत व निवारण एका महिन्यात व्हावे लागते. ग्राहकाच्या संमतीची चौकट आधीच खूण करून ठेवता येत नाही. वेष्टित मालाची किंमत, निव्वळ वजन, उत्पादक इत्यादी तपशील संकेतस्थळावरही दाखवण्याचे बंधन १ जानेवारी २०१८ पासून आहे. एकट्याने चालवलेल्या दुकानात मालक स्वतःच तक्रार अधिकारी असतो. हंगामाच्या धांदलीत फोन न उचलणे त्याला परवडत नाही.

देखभाल

पूर्वी वूकॉमर्स मागण्यांची नोंद वर्डप्रेसच्या लेखांच्याच तक्त्यांत करीत असे. त्यामुळे मागण्या वाढल्या की दुकान मंद होई. आवृत्ती ८.२ पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२३ पासून, नव्या दुकानांत मागण्यांसाठी स्वतंत्र तक्ते पूर्वनिश्चित झाले. जुनी काही प्लगइने या नव्या रचनेशी जुळत नाहीत, हे निवड करताना पाहावे. प्लगइनांची संख्या जितकी कमी तितके चोरवाटेचे भय कमी. फुकट वाटल्या जाणाऱ्या सशुल्क प्लगइनांच्या अनधिकृत प्रतींत अनेकदा घातक आज्ञा दडवलेल्या असतात.

अद्ययावत आवृत्ती आधी दुकानाच्या चाचणी-प्रतीवर बसवून पाहावी. ऐन हंगामात मोठा बदल टाळावा, पण सुरक्षेची दुरुस्ती लांबवू नये. बॅकअप घेताना काळजी घ्यावी ती अशी की, ब्लॉगसाठी आठवड्याचा बॅकअप चालतो, दुकानाला तो चालत नाही. सोमवारच्या बॅकअपवरून शुक्रवारी दुकान पूर्ववत केले, तर मधल्या चार दिवसांच्या मागण्या नाहीशा होतात आणि ग्राहकांचे पैसे मात्र जमा झालेले असतात. बॅकअप रोजचा असावा व दुसऱ्या ठिकाणी ठेवावा.

हंगाम संपल्यावर वस्तूंची पाने पुसू नयेत. त्यांचा साठा शून्य करून पुढील हंगामाची सूचना लिहावी, म्हणजे शोधयंत्रांतून येणारी वाट मोडत नाही. ग्राहकांचे पत्ते व दूरध्वनी क्रमांक किती काळ ठेवायचे, हे ‘खाती व गोपनीयता’ या विभागात ठरवता येते. रद्द झालेल्या व अपूर्ण मागण्यांतील वैयक्तिक माहिती लवकर काढून टाकावी. करपात्र विक्रीचे दस्तऐवज मात्र वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. दुकान कायमचे बंद करताना केवळ प्लगइन काढून टाकल्याने मागण्या व पत्ते विदागारातून जात नाहीत. त्यांची निर्यात करून जपायचे ते जपल्यावर उरलेले तक्ते वेगळे पुसावे लागतात.